शैला वेच

वडील गेले त्या उन्हाळ्यापासून शैलाला दुपारी मागच्या खोलीतून हाक ऐकू यायची. "शैला." एकदाच, स्पष्ट, पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात. तिच्या तोंडून "ओ" निघून जायचं, हातातलं काम टाकून ती मागे जायची, आणि तिथं गुंडाळलेली गादी, बंद टीव्ही आणि भिंतीला टेकवलेली काठी. नवरा सुभाष म्हणायचा, शेजारच्यांच्या मालिकेत कुणी शैला असेल. शैला भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. मकरपुऱ्याच्या कारखान्यात तिनं अर्धं आयुष्य खरेदी खातं सांभाळलं होतं, आणि तिथं भल्याभल्यांची भुतं उतरवली होती. पण ही हाक तिला मुळापासून हलवायची, कारण ती अर्धीच यायची. बाबांच्या तोंडचे शेवटचे शब्द दोन होते. हाकेत त्यातला पहिलाच यायचा, आणि सगळा घोळ दुसऱ्याचा होता.

तो घोळ कळायला आधी विश्वंभर गुप्ते कळायला हवेत.

बडोद्याच्या जुन्या सरकारी नोकरदारांतलं हे घराणं. आजोबा संस्थानच्या दप्तरात, वडील शाळा तपासनीस. विश्वंभररावांनी मात्र सगळ्यांच्या नाकावर टिच्चून एका शेअर दलालाच्या पेढीत नोकरी धरली. त्यांची आई शेवटपर्यंत लोकांना "विश्वंभर बँकेत असतो" असं सांगत राहिली. पेढी अलकापुरीत, मालक गुजराती, गिऱ्हाईक गुजराती, शिव्यासुद्धा गुजराती. मराठी माणसं दोनच, विश्वंभरराव आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचे मानसिंगराव. पेढीच्या पायरीवर चपला काढल्या की विश्वंभररावांची मराठी तिथंच राहायची, आणि संध्याकाळी चपला घातल्या की ती परत अंगात यायची. घरात त्यांच्या तोंडी एक गुजराती शब्द येत नसे. उलट शैला कधी निघायच्या घाईत "हवे चालो ने" म्हणाली, तर म्हणायचे, "हे रिक्षावाल्याला सांग. आम्हांला मराठीत हाकल."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पेढीत कॉम्प्युटर आले आणि विश्वंभरराव घाबरले. पन्नाशी उलटलेली, इंग्रजी बेताचं. तोवर सौदा म्हणजे फोनवर ओरडणं, कंपनीचं नाव घ्यायचं, भाव सांगायचा, की झालं. या यंत्राला नावं कळत नव्हती. त्याला हवा होता सिम्बॉल, म्हणजे कंपनीच्या नावातून उचललेली चारसहा इंग्रजी अक्षरं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की भलतीच कंपनी गळ्यात. त्यांच्या वयाच्या कारकुनांनी एकेक करून हात टेकले. विश्वंभररावांनी सिम्बॉल पाठ केले. कमाटीबागेत फिरताना पाठ केले, भाजी निवडताना पाठ केले. बायकोला, पद्माबाईंना, आधी वाटलं यांनी कुठलासा जप सुरू केला, आणि त्यांना बरंच वाटलं. मग कळलं की जप सिमेंट कंपन्यांचा आहे.

नोकरी टिकली, आणि जिनं टिकवली त्या अक्षरांवर या माणसाचा जीव जडला. नावाचं काही खरं नाही, असं ते म्हणत. दोन भाऊ भांडतात आणि एका नावाच्या दोन कंपन्या होतात. सिम्बॉल मात्र ज्याचा त्याचा. त्यात गैरसमजाला जागाच नाही.

अशातच एका सकाळी त्यांच्या पडद्यावर वाघोडियाची एक कंपनी आली. शाल्मली इंडस्ट्रियल लॅमिनेट्स, टेबलांवर चिकटवायचे पत्रे बनवणारी. तिच्या नावातली अक्षरं उचलून जो सिम्बॉल झाला होता तो असा: एस, एच, ए, आय, एल, ए. विश्वंभररावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शैला. त्यांनी उभं राहून मानसिंगरावांना बोलावलं, चहावाल्याला बोलावलं, आणि तिथल्या तिथे मुलीच्या नावानं त्या कंपनीचे थोडे शेअर घेतले. ते त्यांनी पुढे कधी विकले नाहीत.

त्या दिवसापासून घरात शैलाची चेष्टा सुरू झाली ती पंधराएक वर्षं चालली. तेव्हा ती लग्न झालेली, नोकरी करणारी बाई, आणि जेवायला बसल्यावर वडील सांगायचे, "शैला आज सकाळी पडली, पण दुपारी सावरली." किंवा, "शैलाला कुणी विचारत नाहीये गं, पडून आहे नुसती." सुभाषला हे फार आवडे. टीव्हीवर शेअरच्या भावांची पट्टी धावायला लागली तेव्हा विश्वंभरराव चहाचा कप हातात धरून त्या पट्टीसमोर बसत, आणि नाव सरकत आलं की हाक मारत, "शैला, तू चाललीस बघ!" ती चिडायची. पण खरं सांगायचं तर तिला ते हवंहवंसं वाटायचं. साऱ्या कारेलीबाग वस्तीत टीव्हीवर नाव धावणारी ती एकटीच होती.

मग ती कंपनी कुणी विकत घेतली. नवं नाव आलं, परदेशी वाटेल असं, आणि नावामागून नवा सिम्बॉल. त्यात ना शाल्मली उरली ना शैला. त्या दिवशी विश्वंभरराव जेवले नाहीत. "सिम्बॉलपण बदलतात होय बाबा?" असं सुभाषनं मुद्दाम विचारलं, त्यावर त्यांनी फक्त टीव्ही बंद केला. पण त्यांच्या तोंडचं नाव बदललं नाही. त्या शेअरला ते शेवटपर्यंत शैलाच म्हणत राहिले, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

पेढीतून निवृत्त झाले तोवर जग फोनमध्ये आलं होतं. सुभाष त्यांना फोन दाखवून म्हणायचा, "आता सिम्बॉल कोण बघतो बाबा? नावाची दोन अक्षरं टाकायची, चित्रासकट कंपनी हजर." आणि एकदा याच घाईत त्याला पंप बनवणारी कंपनी हवी होती, आणि त्याच नावाची फरसाण बनवणारी मिळाली. पुढचा आठवडाभर सासऱ्याच्या आनंदाला पारावार नव्हता. "चित्र बघून घेतलास? मग बरोबर आहे. सिम्बॉल वाचला असतास तर कळलं असतं. लोकांना वाटतं ती अक्षरं म्हाताऱ्यांचं खूळ आहे. बोलायला नाव ठीक आहे रे, पण घ्यायचं-द्यायचं असेल तेव्हा काय घेतोस ते एका शब्दात, दुसऱ्या कशात मिसळणार नाही असं सांगता आलं पाहिजे."

हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आजही नाही. पण त्यांच्याच बाबतीत नियतीनं त्याचं जे केलं, ते बघून हसावं की डोकं आपटावं हे शैलाला अजून कळलेलं नाही.

पद्माबाई आधीच गेल्या होत्या. विश्वंभरराव शैलाकडे राहत होते. वैशाखात त्यांनी अंथरूण धरलं, जेवण सुटलं, मग बोलणं सुटलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं. एका दुपारी शैला त्यांच्या पलंगाची चादर बदलत होती. कुशीवर वळवायला तिनं त्यांच्या पाठीखाली हात घातला, आणि कित्येक दिवसांनी त्यांनी डोळे पूर्ण उघडले. चेहरा एकदम सैल झाला, जवळजवळ हसरा. आणि ते म्हणाले,

"शैला वेच."

आता बडोद्यातल्या मराठी माणसालाच कळेल की या दोन शब्दांत केवढी खाई आहे. मराठीत आपण फुलं वेचतो, तांदळातले खडे वेचतो. गुजरातीत वेचणं म्हणजे विकणं. घरात एक अर्थ, उंबऱ्याबाहेर दुसरा, आणि बडोदेकर दिवसातून दहा वेळा अडखळल्याशिवाय तो उंबरा ओलांडतो. विश्वंभररावांचं अर्धं आयुष्य पेढीवर गेलं होतं आणि त्या शेअरचं नाव त्यांच्या लेखी शैला होतं. तेव्हा "शैला वेच" म्हणजे "तो शेअर विकून टाक" असं होतं. किंवा ते मुलीला हाक मारून काहीतरी गोळा कर म्हणत होते. दोन शब्दांच्या मधे स्वल्पविराम होता की नव्हता, एवढाच प्रश्न. मरणारा माणूस स्वल्पविराम दाखवत नाही.

त्या क्षणी मात्र शैलाला प्रश्न पडलाच नाही. तिला वाटलं, बाबा पेढीवर पोचलेत, सौदा सांगतायत. त्यांना सुटल्यासारखं वाटावं म्हणून तिनं त्यांच्या कानाशी वाकून, सौदा झाल्यावर ते गिऱ्हाइकाला सांगत तशा मोकळ्या आवाजात सांगितलं,

"हो बाबा. विकली."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग तोंड भिंतीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

काम झालं म्हणून शांत झाले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं. दहाव्याला चांदोदला नर्मदेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून होता, पण उतरेना. नातेवाइकांनी कायकाय कबूल करून पाहिलं. शेवटी सुभाष मोठ्यांदा म्हणाला, "बाबा, शैला विकतो आम्ही, काळजी करू नका!" आणि कावळा उतरला. घाटावरची परकी माणसं वळून बघायला लागली, की हा कोण बायकोला विकायला निघालाय. घरची मंडळी रडता रडता हसली. शैला हसली नाही. तिच्या मनात आलं, कावळ्याला भूक लागली असेल.

हाक त्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाली.

आधी तिला वाटलं, आपण बाबांशी खोटं बोललो. विकली म्हणालो आणि विकली नाही. ते हिशेब विचारायला येतायत. शेअर तर तिच्याच नावावर होते, विकायला कुणाची आडकाठी नव्हती. सुभाष रोज म्हणायचा, फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. तिनं फोन हातात घेतलाही. पडद्यावर कंपनीचं नवं नाव, हिरवं चकचकीत चित्र, आणि खाली बारीक अक्षरांत तो नवा सिम्बॉल. शैला कुठंच नव्हती. जे तिथं नाही ते विकायचं कसं, म्हणून तिनं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक.

मग उलटा विचार सुरू झाला, आणि तो जास्त छळणारा होता. बाबा मलाच हाक मारत असतील तर? भिंतीकडे वळलेला तो चेहरा तिला आठवायचा. तो चेहरा काम झालेल्या माणसाचा होता का? तिला जेवण जाईना. कुणी नुसतं "शैलाबेन" म्हटलं तरी दचकायची. पैशांचं तिला काही पडलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की त्या शेवटच्या दुपारी बाबा कुठं होते, पेढीवर की घरी? ते दलालाशी बोलले की आपल्याशी?

श्रावण लागल्यावर ती उठली आणि अलकापुरीत पेढीवर गेली. ठरवून गेली की जुन्या पद्धतीनं, माणसाकडून, तो शेअर विकायचा आणि यातून सुटायचं. मानसिंगराव अजून तिथं यायचे. नजर गेली होती, काम नव्हतं, पण मालकानं खुर्ची ठेवली होती.

"आव बेटा, बेस," ते म्हणाले. "विश्वंभरची पोरगी ना तू? आवाजावरनं ओळखली. चा मागवू?"

"नको काका. बाबांचे ते शेअर विकायला आलेय. शैला."

"शैला!" इतक्या वर्षांनी ते नाव ऐकून म्हातारा हसला. "आज वरसो पछी ए नाम सुण्युं. पण काय गं, तो तर विकू नको म्हणायचा. आता काय झालं?"

शैलानं सांगितलं. ती दुपार, ते दोन शब्द. मानसिंगरावांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांची मान हळूहळू नकारात हलायला लागली.

"ना, ना. असं बोलणारच नाही तो."

"म्हणजे?"

"वेच असं विश्वंभर या पेढीवर कधी बोललाच नाही. मरताना कुठनं बोलणार?" ते पुढे सरकले. "तो नवा नवा लागला होता. दांडिया बाजारातले एक गिऱ्हाईक होते, दत्तात्रेय काका, आपले मराठी. बाजार धाडकन पडला, त्यांचा फोन आला. म्हणाले, पडलंय तेवढं वेच. म्हणजे स्वस्तात मिळतंय ते गोळा कर. आणि या गाढवानं गुजराती ऐकलं, होतं नव्हतं ते सगळं विकलं! बाजार वर गेला तेव्हा काका छत्री घेऊन आले मारायला. मी मधे पडलो म्हणून वाचला. त्या दिवशी त्यानं कान पकडले, की हा शब्द या खोलीत नाही. आम्ही बोलतो आप आणि ले, दे आणि घे. नवीन पोरांना आजही तेच शिकवतो मी. कोई दिवस नही, बेटा. आयुष्यभर विकलं त्यानं, पण वेच बोलून नाही. तो शब्द त्यानं घरी ठेवला होता."

कॉम्प्युटरवरच्या मुलीनं देऊन टाकू का असं विचारलं, "बेन, शुं करवानुं छे? आपी दउं?" शैलानं मान हलवून नको म्हटलं.

कारण तिला आता दिसत होतं. इतके महिने ती चुकीच्या भाषेत कान लावून बसली होती, म्हणून दिसलं नव्हतं. कोठी भागातल्या एका कंपाउंडात रायणीचं जुनं झाड होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा तिला तिथं न्यायचे. त्यांनी फांदी हलवली की पिवळ्या बारीक रायणी टपाटपा खाली पडायच्या, आणि ती फ्रॉकचा ओचा धरून उभी असायची, वर बघत, कारण पडताना बघायलाच तिला आवडायचं. आणि बाबा हसत ओरडायचे, अगं बघत काय बसलीस, शैला, वेच! शेवटच्या दुपारी त्यांचा चेहरा तसाच सैल झाला होता. ते त्या झाडाखाली होते. लहान मुलीला हाक मारत होते. आणि त्यांच्या कानाशी वाकून कुणा दलालानं सांगितलं होतं, विकली.

मानसिंगराव काहीतरी विचारत होते. ती उठली, त्यांच्या पायांना हात लावला आणि बाहेर पडली. रिक्षात बसून ती इतकी रडली की रिक्षावाल्यानं न विचारता रिक्षा बाजूला घेऊन उभी केली.

संध्याकाळी सुभाषनं विचारलं, "विकले?"

"नाही."

"अगं, मग बाबांना काय सांगायचं?"

"त्यांना विकायचं नव्हतंच," शैला म्हणाली. "ते मला हाक मारत होते. मला कळलं नाही."

सुभाष एरवी गप्प बसणारा नव्हे. पण तिचं तोंड बघून तो आत गेला आणि त्यानं स्वतःच कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शैलानं सगळं आवरून घेतलं. पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. मागच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. आता हाक आली की काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं. आयुष्यात कधी नव्हती इतकी ती तयार होती. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. हाक आली नाही. तिनं हलकेच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हटलं, "बाबा, वेचते." मग जरा मोठ्यानं म्हटलं.

त्यानंतर ती रोज दुपारी तिथं बसते. हाक पुन्हा कधी आलेली नाही.